शुश्रूषागृहातील सेवेचे मूल्यमापन

वार्धक्य, दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व ह्यांमुळे ज्यांना स्वतःची दैनंदिन कामे करता येत नाहीत आणि ज्यांची घरी काळजी घेणे शक्य नसते, अशा व्यक्तींना निवास, भोजन, परिचर्या व मर्यादित वैद्यकीय साहाय्य एकत्रितपणे पुरविणाऱ्या संस्थेस शुश्रूषागृह किंवा नर्सिंग होम म्हणतात. अशा संस्थेत मिळणारी सेवा निर्धारित दर्जाची आहे किंवा नाही, हे ठरविण्याच्या पद्धतींस सेवेचे मूल्यमापन असे म्हटले जाते. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, ‘नर्सिंग होम’ ही संज्ञा खाजगी मालकीच्या लहान रुग्णालयास किंवा प्रसूतिगृहास लावण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र ती दीर्घकालीन निवासाच्या अर्थाने योजिली आहे.

रुग्णालयातील सेवेपेक्षा शुश्रूषागृहातील सेवेचे मूल्यमापन अधिक बिकट असते. रुग्णालयात आलेला रुग्ण बरा होऊन परत जावा, अशी अपेक्षा असते. त्यामुळे फलित काय, हे ठरविणे तुलनेने सोपे असते. शुश्रूषागृहातील बहुतेक निवासी महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे तेथे राहतात आणि पुष्कळांचा शेवटही तेथेच होतो. त्यांची प्रकृती क्रमाने ढासळणार, हे गृहीतच असते. तेव्हा निवाशाचे वजन घटले, चालणे थांबले किंवा पाठीवर शय्याव्रण झाले, तर त्यातील वयाचा भाग किती व हेळसांडीचा भाग किती, हा मूल्यमापनातील मूलभूत प्रश्न ठरतो. शिवाय अनेक निवाशांना स्मृतिभ्रंश झालेला असतो. तक्रार करण्याची शक्ती ज्यांच्यात आहे, तेही ज्या हातांनी आपल्याला घास भरविला जातो त्यांच्याविरुद्ध बोलण्यास कचरतात. नातेवाइकांना संस्थेची निवड बहुधा रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या घाईत, दोन-चार दिवसांत करावी लागते. म्हणून निवाशाच्या वतीने पाहणारा कोणी तिसरा असणे आवश्यक ठरते. ह्या तिसऱ्याने नेमके काय पाहावे, ह्याबद्दलच्या कल्पना ज्या क्रमाने बदलत गेल्या, तोच ह्या विषयाचा इतिहास होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ नंतर ह्या सेवेवर मोठा शासकीय निधी खर्च होऊ लागला आणि त्याबरोबरच नियमन, न्यायनिर्णय व सांख्यिकी ह्यांची सविस्तर परंपरा निर्माण झाली. त्यामुळे येथील विवेचन मुख्यतः त्या देशासंबंधी आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात निराधार वृद्धांना आश्रय देणारी मुख्य संस्था म्हणजे स्थानिक शासनाचे दरिद्रीगृह होय. वृद्ध, वेडसर, अपंग व अनाथ अशा सर्वांना तेथे एकत्र ठेवीत. डॉरोथिया डिक्स (१८०२–८७) ह्या समाजसेविकेने मॅसॅचूसेट्समधील तुरुंग व दरिद्रीगृहे स्वतः हिंडून पाहिली आणि तेथील मनोरुग्णांच्या हलाखीचे निवेदन १८४३ मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळास सादर केले. ज्या संस्थेचा कारभार पाहायचा तिच्या कागदपत्रांवर न विसंबता आत जाऊन माणसे पाहणे, ही पद्धत तिने घालून दिली. पुढील काळात मात्र तिचा दीर्घकाळ विसर पडला.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरजू वृद्धांना रोख साहाय्य देण्याची तरतूद केली. परंतु सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना ते मिळणार नाही, अशी अटही घातली. दरिद्रीगृहे ओस पडावीत, हा तिचा हेतू होता. परिणामतः वृद्ध मंडळी खाजगी घरांत पैसे भरून राहू लागली आणि अशा घरांतून खाजगी शुश्रूषागृहांचा व्यवसाय उदयास आला. १९५० मधील दुरुस्तीने ज्या राज्यांतील संस्थांत साहाय्य घेणारे लोक राहतात, त्या राज्यांनी अशा संस्थांसाठी मानके ठरविणारी यंत्रणा नेमावी असे बंधन घातले. राज्यांचे परवाना-कायदे त्यानंतर सार्वत्रिक झाले. पण त्यांची अंमलबजावणी ढिली होती.

संरचनेचे मोजमाप : ह्या प्रारंभीच्या कायद्यांत इमारत, स्वच्छता, खाटांमधील अंतर, स्वयंपाकघर आणि आगीपासून संरक्षण ह्या बाबींवर भर होता. त्यामागे सबळ कारण होते. मिझूरी राज्यातील वॉरंटन येथील वृद्धगृहास १९५७ मध्ये लागलेल्या आगीत ७२, तर ओहायओ राज्यातील फिचव्हिल येथील शुश्रूषागृहाच्या १९६३ मधील आगीत ६३ जण मृत्युमुखी पडले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना धुरातून बाहेर काढता येत नाही, हे ह्या दुर्घटनांनी दाखवून दिले. दरवाजाची रुंदी, जिन्यांची संख्या, पाण्याचे स्वयंचलित फवारे ह्यांची मोजदाद करणारी तपासणी अशा प्रकारे अनुभवातूनच आली होती व तिने पुढे अनेकांचे प्राण वाचविले. तथापि सुरक्षित इमारतीत निवाशाला वेळेवर पाणी मिळते की नाही, हे त्या तपासणीत कळत नसे.

१९६५ मध्ये मेडिकेअर ही वृद्धांसाठीची आणि मेडिकेड ही गरिबांसाठीची वैद्यकीय साहाय्य योजना संमत झाली. संघीय निधी मिळविण्यासाठी शुश्रूषागृहास प्रमाणपत्र घेणे आवश्यक झाले. मेडिकेअरसाठी पहिल्या वेळी सुमारे ६,००० संस्थांनी अर्ज केले. त्यांपैकी केवळ ७४० संस्था सर्व अटी पूर्ण करीत असल्याचे आढळले. एवढ्या थोड्या संस्थांवर योजना चालविणे अशक्य असल्याने ‘बव्हंशी पूर्तता’ अशी एक सवलतीची श्रेणी निर्माण करण्यात आली आणि तिच्या आधारे आणखी हजारो संस्थांना मान्यता मिळाली. निवाशांना ठेवण्यास दुसरी जागा नसल्यामुळे निकृष्ट संस्थेलाही बंद करता येत नाही, ही नियमनाची अडचण येथे प्रथम स्पष्ट झाली. ती आजतागायत सुटलेली नाही.

डोनाबेदियन ह्यांची त्रयी : ह्याच सुमारास मिशिगन विद्यापीठातील अव्हेदिस डोनाबेदियन (१९१९–२०००) ह्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे मूल्यमापन तीन अंगांनी करता येते, असे प्रतिपादन केले. संरचना म्हणजे इमारत, साधनसामग्री, कर्मचाऱ्यांची संख्या व त्यांची पात्रता. प्रक्रिया म्हणजे रुग्णासाठी प्रत्यक्षात काय केले जाते ते. आणि फलित म्हणजे त्यामुळे रुग्णाच्या प्रकृतीत होणारा बदल. संरचना मोजण्यास सोपी, पण गुणवत्तेशी तिचा संबंध दूरचा. फलित महत्त्वाचे, पण त्यावर सेवेखेरीज इतर अनेक गोष्टींचा प्रभाव पडतो. प्रक्रिया ह्या दोहोंना जोडणारी, पण ती पाहण्यासाठी निरीक्षक तेथे हजर असावा लागतो. शुश्रूषागृहांच्या नियमनाचा पुढील इतिहास ह्या तीन अंगांच्या आधारे उलगडता येतो.

फलिताच्या मापनास आवश्यक असे साधनही त्या दशकात उपलब्ध झाले. सिडनी कॅट्झ (१९२४–२०१२) व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६३ मध्ये दैनंदिन क्रियांचा निर्देशांक मांडला. स्नान करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून खुर्चीत बसणे, मलमूत्रविसर्जनावर ताबा असणे व जेवणे ह्या सहा क्रिया व्यक्ती स्वतः करू शकते की तिला दुसऱ्याची मदत लागते, ह्यावरून तिचे परावलंबन मोजले जाते. आजाराच्या नावापेक्षा माणसाला काय करता येते हे पाहण्याची ही दृष्टी शुश्रूषागृहांसाठी विशेष उपयुक्त ठरली.

१९७० चे दशक : युटाचे सिनेटर फ्रँक मॉस (१९११–२००३) ह्यांच्या अध्यक्षतेखालील सिनेटच्या उपसमितीने अनेक वर्षे साक्षी नोंदवून १९७४ पासून अहवालांची एक मालिका प्रसिद्ध केली. शुश्रूषागृहांची दुःस्थिती हे सार्वजनिक धोरणाचे अपयश होय, असा तिचा निष्कर्ष होता. न्यूयॉर्क राज्यात १९७५ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगानेही संस्थाचालकांचे आर्थिक गैरव्यवहार व तपासणी-यंत्रणेची दुर्बलता उघडकीस आणली. त्याच वर्षी एल्मा होल्डर ह्यांच्या पुढाकाराने निवाशांच्या हितासाठी झटणाऱ्या गटांची राष्ट्रव्यापी नागरिक-आघाडी स्थापन झाली. १९७८ मध्ये वृद्धांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन निवाशांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल प्रत्येक राज्याने नेमावा, असे ठरले.

स्मिथ विरुद्ध हेक्लर : कोलोरॅडो राज्यातील मेडिकेडचे लाभार्थी असलेल्या निवाशांनी १९७५ मध्ये दाखल केलेला हा दावा मूल्यमापनाच्या इतिहासात निर्णायक ठरला. संघीय निधी घेणाऱ्या संस्थांत निवाशांना खरोखर चांगली सेवा मिळते की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य संघीय शासनाचे आहे आणि ते पार पाडले जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्या वेळच्या तपासणीपत्रकात ५४१ बाबी होत्या. त्यांपैकी केवळ ३० बाबींचा रुग्णसेवेशी दूरान्वयाने का होईना संबंध होता किंवा त्यांसाठी रुग्णाला पाहण्याची गरज पडू शकत होती, असे न्यायालयापुढे आले. संस्थेजवळ आहारतज्ञ आहे काय, लेखी धोरण आहे काय, समितीची बैठक होते काय, असे प्रश्न पत्रकात असत. रुग्ण जेवला काय, हा प्रश्न नसे. कनिष्ठ न्यायालयाने १९८३ मध्ये शासनाच्या बाजूने निकाल दिला. परंतु दहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने १९८४ मध्ये तो फिरविला. संस्था सेवा देण्यास समर्थ आहे एवढेच पाहणे पुरेसे नाही. ती सेवा प्रत्यक्षात दिली जाते किंवा नाही, ह्याची माहिती करून घेण्याची व्यवस्था उभारणे हे आरोग्यमंत्र्यांचे कर्तव्य होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. सामर्थ्य व कृती ह्यांतील हा भेद पुढील सर्व सुधारणांचा आधार ठरला.

१९८६ चा अहवाल व १९८७ चा कायदा : १९८२ मध्ये तत्कालीन प्रशासनाने तपासणीचे नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा निवाशांच्या संघटना, राज्यांचे अधिकारी व काँग्रेस ह्यांच्याकडून तीव्र विरोध झाला. वाद मिटविण्यासाठी हा विषय वैद्यकशास्त्र संस्थेकडे (राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा एक विभाग) सोपविण्यात आला. कॅट्झ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८६ मध्ये अहवाल सादर केला. नियमन कमी करण्याऐवजी ते निवासीकेंद्रित करावे; प्रत्येक निवाशाच्या स्थितीचे एकाच प्रमाणित पद्धतीने निर्धारण व्हावे; आणि त्याच्या जीवनाचा दर्जा हाही सेवेच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा मानावा, ह्या तिच्या प्रमुख शिफारशी होत्या.

तत्पूर्वी १९८५ मध्ये होल्डर ह्यांच्या आघाडीने पंधरा शहरांतील चारशेहून अधिक निवाशांशी चर्चा करून चांगल्या सेवेबद्दल त्यांच्या स्वतःच्या कल्पना काय आहेत, हे नोंदविले होते. निवाशांनी प्रथम स्थान इमारतीला वा औषधोपचाराला न देता कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला दिले. प्रेमाने बोलणारी, घाई न करणारी, रोज तीच असणारी परिचारिका. आवडीचे व गरम अन्न. आणि केव्हा उठावे, केव्हा झोपावे हे स्वतः ठरविण्याची मोकळीक, ह्या त्यांच्या अपेक्षा होत्या. मूल्यमापन ज्यांच्यासाठी करायचे त्यांनाच विचारण्याचा हा प्रयत्न १९८६ च्या अहवालालाही मार्गदर्शक ठरला.

डिसेंबर १९८७ मध्ये अर्थसंकल्पविषयक एका व्यापक कायद्याचा भाग म्हणून शुश्रूषागृह सुधारणा कायदा संमत झाला व त्यातील बहुतेक तरतुदी १९९० मध्ये अंमलात आल्या. प्रत्येक निवाशास शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची त्याच्या बाबतीत शक्य असलेली सर्वोच्च पातळी गाठता यावी किंवा टिकविता यावी अशी सेवा देणे, हे संस्थेवर कायद्याने बंधनकारक झाले. परिचर म्हणून काम करणाऱ्यांस किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, दिवसाचे २४ तास परवानाधारक परिचारिकेची उपस्थिती, निवाशांचे हक्क आणि शिस्तीसाठी वा सोयीसाठी बांधून ठेवण्यास मनाई, ह्या त्यातील अन्य महत्त्वाच्या तरतुदी होत. निवाशाला पट्ट्यांनी खुर्चीस किंवा खाटेस बांधण्याची प्रथा त्या काळी सार्वत्रिक होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ४० टक्के निवाशांच्या बाबतीत तिचा अवलंब होत असे. आता हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली उतरले आहे. मूल्यमापन, कायदा व व्यावसायिक मत ह्यांची दिशा एक झाली म्हणजे काय साधते, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तपासणीची पद्धती : कायद्यानुसार प्रत्येक संस्थेची तपासणी जास्तीत जास्त पंधरा महिन्यांच्या अंतराने होते आणि राज्याची सरासरी बारा महिन्यांची असावी लागते. भेटीची पूर्वसूचना देणाऱ्यास दंड होऊ शकतो. राज्य शासनाच्या पथकात किमान एक नोंदणीकृत परिचारिका असते. पथक काही निवाशांची निवड करून त्यांच्या नोंदी तपासते, त्यांच्याशी व नातेवाइकांशी बोलते, निवाशांच्या मंडळाची भेट घेते आणि दिवसभर प्रत्यक्ष निरीक्षण करते. जेवणाची वेळ ह्या दृष्टीने सर्वांत बोलकी मानली जाते : ताट कोणाच्या हाताच्या टप्प्यात ठेवले आहे, भरविण्याची गरज असलेल्यांना अन्न निवण्यापूर्वी कोणी भरवितो काय, परिचर उभ्याने घाईघाईत घास देतो की शेजारी बसून, ह्यांवरून पुष्कळ उमगते. औषधे देणाऱ्या परिचारिकेबरोबर फिरून चुकांची नोंद घेतली जाते. अंथरुणास खिळलेल्या निवाशाची कूस ठराविक वेळाने बदलल्याच्या सह्या तक्त्यावर आढळतात. पण पाठीवरील व्रण काही वेगळेच सांगतो. अशा वेळी कागद व शरीर ह्यांतील विसंगती शोधणे हेच तपासनिसाचे खरे काम असते.

आढळलेल्या उणिवांचे वर्गीकरण १९९५ पासून तीव्रता व व्याप्ती ह्या दोन निकषांवर होते. प्रत्यक्ष इजा नाही व किरकोळ इजेचाच संभव आहे. प्रत्यक्ष इजा नाही, पण अधिक इजेचा संभव आहे. प्रत्यक्ष इजा झाली आहे. आणि तातडीचा धोका आहे, अशा तीव्रतेच्या चार पायऱ्या आहेत. उणीव एखाद्या निवाशापुरती, काही जणांच्या बाबतीत वारंवार किंवा संस्थाभर पसरलेली असू शकते. ह्यांतून बारा चौकटींचा तक्ता तयार होतो व चौकटीनुसार दंड, नव्या प्रवेशांचे देयक थांबविणे किंवा मान्यता काढून घेणे अशी कारवाई करता येते.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही शासनाच्याच लेखापरीक्षकांनी दाखविल्या आहेत. काँग्रेसच्या महालेखा कार्यालयाने १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील संस्थांचा अभ्यास केला, तेव्हा तपासणीच्या तारखांचा संस्थांना अंदाज बांधता येतो व गंभीर दोषांची नोंद कमी होते, असे दिसून आले. संघीय पथकाने राज्याच्या पथकामागोमाग त्याच संस्थेची फेरतपासणी करून निष्कर्षांची तुलना करण्याची पद्धत आहे. २००२ ते २००७ मधील अशा तुलनांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये राज्याच्या पथकाकडून प्रत्यक्ष इजेची वा तातडीच्या धोक्याची किमान एक उणीव निसटली होती. सौम्य इजेहून अधिक संभव असलेली किमान एक उणीव निसटल्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते.

माहितीसंच व तारांकन : १९८७ च्या कायद्यानुसार प्रत्येक निवाशाचे प्रवेशाच्या वेळी व त्यानंतर ठराविक मुदतीने निर्धारण करून त्याची नोंद ‘किमान माहितीसंच’ ह्या प्रमाणित पत्रकात केली जाते. मुळात निवाशाच्या सेवेची आखणी करण्यासाठी तयार झालेल्या ह्या पत्रकांतून शय्याव्रण, पडझड, वजनातील घट, मूत्रमार्गाचा संसर्ग, परावलंबनातील वाढ इ. फलितांची राष्ट्रव्यापी आकडेवारी प्रथमच मिळू लागली. १९९८ मध्ये संस्थांची माहिती संगणकजालावर सर्वांसाठी खुली झाली. डिसेंबर २००८ पासून प्रत्येक संस्थेस एक ते पाच तारे देण्यात येऊ लागले. तपासणीचे निष्कर्ष, परिचारकवर्गाचे प्रमाण व गुणवत्तानिर्देशक ह्या तीन घटकांवरून तारे ठरतात. तपासणीचे तारे त्याच राज्यातील इतर संस्थांच्या तुलनेत दिले जात असल्यामुळे दोन राज्यांतील तारे समान मूल्याचे नसतात.

तिन्ही घटकांपैकी केवळ तपासणी ही बाहेरच्या व्यक्तीची साक्ष होती. उर्वरित दोन्ही घटक प्रारंभी संस्थेने स्वतः दिलेल्या माहितीवर अवलंबून होते. ज्या माहितीवर आपली प्रतिष्ठा व उत्पन्न अवलंबून आहे, ती संस्थेनेच भरावयाची असल्यास काय घडते, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्णालयांच्या देयकांत आढळलेल्या, पडून झालेल्या गंभीर इजांची शुश्रूषागृहांच्या नोंदींशी तुलना करण्यात आली; त्यांपैकी सुमारे ५७ टक्केच इजा शुश्रूषागृहांनी नोंदविल्या होत्या. स्मृतिभ्रंश झालेल्या निवाशांना गुंगवून ठेवण्यासाठी मनोविकृतींवरील औषधांचा वापर होतो, म्हणून त्या औषधांचे प्रमाण हा एक निर्देशक ठरविण्यात आला. तथापि छिन्नमनस्कता झालेल्यांना त्या गणनेतून वगळलेले होते. काही संस्थांत पुरेशा आधाराविना छिन्नमनस्कतेचे निदान नोंदविले जात असल्याचे २०२१ च्या सुमारास उघडकीस आले आणि २०२३ पासून अशा निदानांची पडताळणी सुरू होऊन दोषी संस्थांचे तारे कमी करण्यात येऊ लागले. पट्ट्याने बांधण्याऐवजी गोळीने बांधण्याचा मार्ग कसा निघू शकतो आणि मोजमापाला कशी बगल दिली जाते, हे दोन्ही येथे दिसून येते.

परिचारकवर्ग : पुरेशी माणसे असणे ही संरचनेची बाब असली, तरी ती सर्व प्रक्रियांची पूर्वअट आहे. २००१ मध्ये काँग्रेसला सादर झालेल्या शासकीय अभ्यासानुसार दर निवाशामागे दररोज सुमारे ४.१ तासांपेक्षा कमी परिचर्या मिळाल्यास दर्जा खालावण्याचा धोका वाढतो. पूर्वी संस्था तपासणीपूर्वीच्या केवळ दोन आठवड्यांची कर्मचारीसंख्या स्वतः कळवीत. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार २०१६ पासून वेतनपत्रकावर आधारित दैनिक आकडे देणे सक्तीचे झाले व २०१८ पासून ताऱ्यांसाठी तेच वापरात आले. पूर्वीच्या आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष मनुष्यबळ पुष्कळ संस्थांत कमी असून शनिवार-रविवारी ते विशेष घटते, हे त्यावरून कळून आले. २०२४ मध्ये दर निवाशामागे दररोज ३.४८ तासांचे किमान बंधन घालणारा नियम प्रसिद्ध झाला. परंतु टेक्ससमधील संघीय न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो रद्दबातल ठरविला आणि त्याच वर्षी काँग्रेसनेही त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. मेडिकेडचे दर अपुरे आहेत व माणसे मिळत नाहीत, ही संस्थाचालकांची बाजू. तर त्या दरांतून मिळणारा पैसा सेवेवर किती खर्च होतो हे आधी उघड व्हावे, ही निवाशांच्या संघटनांची बाजू, असा हा वाद आहे.

महामारीचा काळ : मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ मुळे नातेवाइकांच्या भेटी बंद करण्यात आल्या आणि नियमित तपासण्याही स्थगित झाल्या. निवाशांकडे बाहेरून पाहणारे दोन्ही डोळे अशा प्रकारे एकाच वेळी मिटले. २०२२ च्या प्रारंभापर्यंत दीर्घकालीन सेवासंस्थांतील दोन लाखांहून अधिक निवासी व कर्मचारी ह्या रोगाने दगावले. संस्थेत साथ शिरेल की नाही, हे तिच्या ताऱ्यांपेक्षा भोवतालच्या वस्तीतील संसर्गावर व संस्थेच्या आकारमानावर अधिक अवलंबून असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. राष्ट्रीय अकादमीच्या २०२२ च्या अहवालाने दर्जासुधारणेची निकड पुन्हा मांडताना निवासी व कुटुंबीय ह्यांच्या अनुभवांची प्रमाणित पाहणी करून तिचे निष्कर्ष सार्वजनिक माहितीत समाविष्ट करावेत, अशी शिफारस केली. १९८५ मध्ये निवाशांना विचारलेला प्रश्न ३७ वर्षांनंतरही अधिकृत मूल्यमापनाचा घटक झालेला नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते.

इंग्लंड व भारत : इंग्लंडमध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९२७ मध्ये झाला. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड (१९२८–२००९) ह्यांनी १७३ वृद्धगृहांना भेटी देऊन १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निवाशांचे एकाकीपण व स्वत्वाचा लोप ह्यांचे चित्र रेखाटले. तेथे २००९ पासून कार्य करणारा सेवा गुणवत्ता आयोग सुरक्षितता, परिणामकारकता, आस्था, गरजांना प्रतिसाद व नेतृत्व ह्या पाच प्रश्नांवर संस्थांना चार श्रेणी देत आला आहे. आस्था हा स्वतंत्र निकष मानणे, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी कायदा केला. महाराष्ट्रात तोच पुढे चालू राहिला. तो मुख्यतः खाजगी रुग्णालये व प्रसूतिगृहे ह्यांना लागू असून नोंदणीसाठी जागा, साधनसामग्री व पात्र कर्मचारी ह्यांचा विचार होतो. वृद्धाश्रमांच्या बाबतीत आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा २००७ चा केंद्रीय कायदा महत्त्वाचा आहे. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० व्यक्तींची सोय असलेले वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने स्थापावेत, अशी त्यात तरतूद असून आश्रमांची मानके ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. डोनाबेदियन ह्यांच्या परिभाषेत बोलावयाचे, तर ह्या तरतुदींचा भर संरचनेवर आहे. एकत्र कुटुंबाचा आधार क्षीण होऊन अंथरुणास खिळलेल्या वृद्धांना ठेवून घेणाऱ्या खाजगी संस्था शहरांतून वाढत असताना प्रक्रिया व फलित ह्यांकडे वळणे येथेही अपरिहार्य ठरेल.

समालोचन : संस्थेजवळ काय आहे, ती काय करते आणि त्याचा परिणाम काय होतो, असे मूल्यमापनाचे तीन टप्पे ह्या इतिहासात दिसतात. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या मोजमापातील उणीव भरून निघाली. पण कोणतेही एक माप दीर्घकाळ पुरले नाही. संस्थेने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीस स्वतंत्र पडताळणीची जोड असेल तेव्हाच ती विश्वसनीय ठरते, हा वेतनपत्रके व रुग्णालयीन देयके ह्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. अनपेक्षित वेळी आत जाऊन माणसे पाहणारा प्रशिक्षित निरीक्षक, वारंवार येणारे नातेवाईक व निर्भयपणे बोलू शकणारा निवासी ह्यांना आकडेवारी पूरक ठरते, पर्याय ठरत नाही. मूल्यमापनामुळे दोष दिसतात. ते दूर करण्यासाठी पुरेसे व स्थिर मनुष्यबळ आणि त्यासाठी लागणारा पैसा ही समाजाने स्वीकारावयाची जबाबदारी आहे. ती टाळून केवळ मोजमाप सूक्ष्म करीत गेल्यास नोंदी सुधारतात, निवाशाची स्थिती मात्र होती तशीच राहते.